पुन्हा मत मागणाऱ्या ज्येष्ठ आमदाराची कारकीर्द कशी तपासावी : ठाणे-नवी मुंबईच्या मतदारासाठी

निवडणूक जवळ आली की आमच्या वाशीतल्या सोसायटीच्या टपालपेट्यांत गुळगुळीत कागदाची एक जाड पुस्तिका येऊन पडते. मुखपृष्ठावर हात जोडलेले छायाचित्र आणि त्याखाली 'कार्य अहवाल' असे ठसठशीत अक्षर असते. बहुतेक घरांत ती दिवाळीनंतरच्या रद्दीत जाते. मी मात्र गेल्या तीन निवडणुकांच्या पुस्तिका एका फायलीत जपून ठेवल्या आहेत, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावर असे लक्षात आले की तीन-चार वेळा निवडून आलेल्या उमेदवाराला तपासणे हे नवख्याला तपासण्यापेक्षा सोपे आहे. नवख्याचे फक्त बोलणे ऐकायला मिळते, तर जुन्या आमदाराची प्रत्येक टर्म कुठे ना कुठे लिहून ठेवलेली असते. ती नोंद कुठे सापडते आणि कशी वाचायची, एवढेच येथे सांगतो. कोणाला मत द्यावे हा माझा विषय नाही.

पहिले काम म्हणजे आपला मतदारसंघ आणि त्याचा इतिहास नीट समजून घेणे. ठाणे जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत. त्यांपैकी ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे आणि मुंब्रा-कळवा या ठाणे शहराच्या, तर ऐरोली आणि बेलापूर या नवी मुंबईच्या. खारघर, कामोठे येथील रहिवासी स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतात आणि ते योग्यही आहे, परंतु त्यांचा मतदारसंघ पनवेल आणि जिल्हा रायगड असल्याने पुढे सांगितलेली जिल्हा पातळीवरची कागदपत्रे त्यांना ठाण्यात नव्हे, अलिबागला शोधावी लागतील.

आजचे हे मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून आले आणि २००९ ची निवडणूक त्यांवर झाली. त्यापूर्वी ठाणे जिल्ह्यातील संपूर्ण नवी मुंबई बेलापूर या एकाच मतदारसंघात होती. त्यामुळे ज्यांची कारकीर्द २००९ च्या आधी सुरू झाली, त्यांची मते आणि मताधिक्ये सरळ रेषेत जुळवता येत नाहीत. एकनाथ शिंदे २००४ मध्ये ठाणे मतदारसंघातून आणि २००९ पासून कोपरी-पाचपाखाडीतून निवडून आले; गणेश नाईक बेलापूरमधून निवडून येत असत, २०१४ मध्ये तेथे पराभूत झाले आणि २०१९ पासून ऐरोलीचे आमदार आहेत; जितेंद्र आव्हाड आणि संजय केळकर हे दोघे विधानसभेत येण्यापूर्वी विधान परिषदेवर होते. 'इतकी वर्षे आमदार' असे फलकावर वाचले की ती वर्षे कोणत्या सभागृहातील, कोणत्या मतदारसंघातील, कोणत्या पक्षाकडून आणि मंत्री म्हणून की साधा सदस्य म्हणून, अशी चार रकान्यांची ओळ वहीत मांडावी. पक्ष बदलला असेल तर त्याची तारीख लिहावी आणि बदलाच्या आधी व नंतर आपल्या भागाच्या प्रश्नावर तीच भूमिका कायम राहिली का, हे पुढे पडताळावे. निष्ठेची चर्चा इतरांनी करावी. आपल्याला पाण्याचे आणि घराचे काय झाले ते हवे असते.

यानंतर एक अप्रिय काम करावे लागते, ते म्हणजे ज्या गोष्टी आमदाराच्या अखत्यारीतच नाहीत त्या वहीतून खोडणे. गटार, पथदिवा, कचरा आणि गल्लीतील रस्ता ही महापालिकेची कामे. लोकलचे थांबे, स्थानके आणि ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका हा रेल्वेचा, म्हणजे केंद्राचा विषय, आणि त्याचा जाब खासदाराला विचारायचा. आमदाराचे मूळ काम कायदा करणे, अर्थसंकल्पावर मत देणे आणि राज्य सरकारला जाब विचारणे हे आहे. नवी मुंबईत मात्र राज्य सरकारचा हात घराघरात पोहोचलेला आहे, कारण जमीन सिडकोची, भाडेपट्टा सिडकोचा, कारखान्यांचा पट्टा एमआयडीसीचा, आणि सिडको व एमआयडीसी या दोन्ही राज्याच्या संस्था. ठाण्यातही जुन्या व धोकादायक इमारतींचा एकत्रित पुनर्विकास करणारी समूह विकास योजना, म्हणजे लोकांच्या भाषेत क्लस्टर, राज्याच्या नियमावलीवर चालते, आणि ठाणे शहराला स्वतःचे धरण असावे की नाही हाही राज्याच्याच निर्णयाचा भाग आहे. म्हणून खोडून झाल्यावर जे उरते ते थोडे असले तरी वजनदार असते.

येथे एक सवलत द्यावी लागते. नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० मध्ये आणि ठाण्याची २०२२ मध्ये संपली व दोन्हीकडे दीर्घ काळ प्रशासकांचा कारभार राहिला. त्या काळात नगरसेवकच नसल्याने लोक तुंबलेल्या नाल्याची तक्रारही आमदारांच्या कार्यालयात घेऊन जात. त्या वर्षांचे अहवाल नाले आणि पदपथांनी भरलेले दिसले तर त्याला पूर्णपणे आमदारांचा दोष म्हणता येणार नाही. मात्र त्याच वर्षांत विधानसभेतील कामाची पाने कमी झाली असतील, तर ते लक्षात ठेवावे.

आता प्रत्यक्ष कार्य अहवाल उघडावा आणि हातात पेन्सिल घ्यावी. छायाचित्रे सोडून द्यावीत व फक्त क्रियापदांखाली रेघा ओढाव्यात. या पुस्तिकांची एक ठरावीक भाषा आहे. 'पाठपुरावा केला' याचा अर्थ पत्र लिहिले, कदाचित मंत्र्यांची भेट घेतली. 'मागणी लावून धरली' म्हणजे अजून काही मिळालेले नाही. 'तत्त्वतः मंजुरी मिळवली' म्हणजे कोणीतरी होकार दिला, पैसे नाहीत. 'भरीव निधी मंजूर करून आणला' हे ऐकायला भक्कम वाटते, पण कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातील खर्चाच्या शीर्षकाखाली) आणि कोणत्या आर्थिक वर्षात, हे न लिहिल्यास ते वाक्य अर्धेच राहते. सर्वांत निसरडे क्रियापद म्हणजे 'मार्गी लावला'. माझ्या फायलीतील तीन पुस्तिकांमध्ये सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा प्रश्न तीन वेळा 'मार्गी लागलेला' आहे, आणि आमच्या मजल्यावरच्या छताचा गिलावा मागच्या पावसाळ्यातही पडला.

कोणतेही सरकारी काम प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश आणि पूर्णत्व अशा पायऱ्यांनी जाते. अहवालातील प्रत्येक मोठ्या दाव्यासमोर तो यांपैकी कोणत्या पायरीवर आहे ते लिहावे. मागच्या निवडणुकीच्या पुस्तिकेत तोच दावा कोणत्या पायरीवर होता हे त्याशेजारी लिहिले, की पाच वर्षांची चाल एका ओळीत दिसते. दावा धोरणाचा असेल तर शासन निर्णय मागावा. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभागवार आणि तारखेनुसार शोधता येतात व प्रत्येकाला संकेतांक असतो. जो निर्णय 'झाला' असे सांगितले जाते त्याचा संकेतांक सापडत नसेल, तर बहुधा ती बैठक होती.

शासन निर्णय सापडला म्हणून काम संपले असेही नाही. नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्तांच्या गरजेपोटी बांधलेल्या घरांचा विषय याचे उत्तम उदाहरण आहे. या शहरासाठी ज्यांच्या शेतजमिनी आणि मिठागरे गेली त्यांचा लढा जुना आहे. जानेवारी १९८४ मधील जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, दि. बा. पाटील यांचे नेतृत्व त्यातून महाराष्ट्रभर पोहोचले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गावठाणांभोवती कुटुंबे वाढली तशी घरेही वाढली, आणि ती नियमित करण्यासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये शासन निर्णय निघाला. तरीही २०२४ च्या प्रचारात हा विषय सर्व पक्षांच्या भाषणांत होताच. म्हणून ज्येष्ठ आमदाराला विचारण्याचा प्रश्न 'निर्णय आणला का' एवढाच नसून त्या निर्णयाखाली प्रत्यक्ष किती घरांच्या नावे कागद झाले, हा असला पाहिजे.

यापुढचा भाग मला स्वतःला सर्वांत रंजक वाटतो, आणि बहुतेक लोक तेथपर्यंत जातच नाहीत. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर अधिवेशनवार प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात. वर्षात साधारण तीन अधिवेशने होतात : मुंबईत अर्थसंकल्पीय आणि पावसाळी, नागपुरात हिवाळी. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी येते. याशिवाय लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी), अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना (खात्याच्या मागणीतील रक्कम कमी करण्याची), नियम २९३ अन्वये चर्चा, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले) अशी साधने आहेत, ज्यांना विधान भवनाच्या परिसरात 'आयुधे' म्हणतात. ज्येष्ठ सदस्याची खरी ओळख तो कोणते आयुध केव्हा काढतो यावरून होते.

प्रश्नोत्तरांची यादी उघडल्यावर तिची ठेवण प्रथम विचित्र वाटेल. वर सदस्यांची नावे व कंसात मतदारसंघ, मग 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', त्यानंतर 'हे खरे आहे काय' असे संपणारे लांबलचक मुद्दे, आणि शेवटी जवळपास नेहमीच 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?' खाली उत्तर असते : 'हे खरे आहे', 'अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही'. या चार उत्तरांतील दुसरे सर्वांत मोलाचे, कारण त्यानंतर मंत्र्यांना नेमके किती खरे आहे ते सांगावे लागते आणि आकडे, तारखा, पत्रांचे दिनांक बाहेर येतात. आपल्या भागाविषयी असे एखादे उत्तर सापडले तर ते छापून फायलीत लावावे.

प्रश्नांची केवळ संख्या मोजून निष्कर्ष काढू नये. एका तारांकित प्रश्नावर दहा-पंधरा सदस्यांची नावे असणे ही नित्याची बाब आहे, त्यामुळे वर्षाला शेकडो प्रश्न विचारल्याचा दावा तांत्रिकदृष्ट्या खरा असूनही त्यातील मोजकेच प्रश्न सदस्याने स्वतः घडवलेले असू शकतात. नाव पहिले आहे का, विषय आपल्या मतदारसंघाचा आहे का, आणि पुढच्या अधिवेशनात त्याच विषयावर पुन्हा प्रश्न किंवा लक्षवेधी आली का, या तीन गोष्टी पाहाव्यात. मी स्वतः एकच विषय निवडून तो सर्व अधिवेशनांतून शोधत जातो. ठाण्यात राहणाऱ्याने क्लस्टर हा विषय घेऊन पाहावा. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा जीव गेला. त्यानंतरच्या प्रत्येक टर्ममध्ये धोकादायक इमारती व समूह विकासावर कोण, कितव्यांदा आणि कोणत्या तपशिलाने बोलले, हे वाचत गेले की दुर्घटनेनंतरच्या आठवड्यात बोलणारे आणि तीन वर्षांनीही त्याच मुद्द्यावर परत येणारे वेगळे दिसू लागतात. या वाचनाला दोन-तीन रविवार लागतात, हे आधीच सांगून ठेवतो.

एक गफलत माझ्याकडून झाली आहे, ती इतरांनी टाळावी. एका टर्ममध्ये एका सदस्याच्या नावावर एकही प्रश्न दिसला नाही म्हणून मी वाचनालयातल्या कट्ट्यावर त्यांना 'मौनी' ठरवून मोकळा झालो होतो. एका निवृत्त शिक्षकांनी शांतपणे विचारले, "अहो, त्या काळात ते मंत्री होते ना ?" मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरे देतात. डिसेंबर २०२४ मध्ये बनलेल्या मंत्रिमंडळात या पट्ट्यातूनच एकनाथ शिंदे, गणेश नाईक आणि प्रताप सरनाईक आहेत. त्यांच्या या काळाचे मोजमाप प्रश्नांच्या यादीतून होणार नाही. मंत्र्यांसाठी त्यांच्या खात्याचे शासन निर्णय, त्यांनी सभागृहात दिलेली उत्तरे आणि आश्वासने पाहावीत. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या आश्वासनाची पूर्तता झाली का, हे पाहण्यासाठी विधानमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती असते.

मतदानाच्या नोंदीबाबत मात्र फार अपेक्षा ठेवू नये. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि मतविभाजन मागितले गेले तरच कोणी कोणत्या बाजूने मत दिले ते कागदावर येते. भाषणे कार्यवृत्तात असतात, तीच वाचावीत.

आमदार निधीविषयी बोलताना आधी प्रमाण लक्षात घ्यावे. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाखाली प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात, म्हणजे पाच वर्षांत २५ कोटी. नवी मुंबई महापालिकेचा एका वर्षाचा अर्थसंकल्प काही हजार कोटींचा असतो. 'आमदार निधीतून' या पाट्या जितक्या दिसतात तितका हा पैसा मोठा नाही, आणि आमदार काम सुचवतो, मंजुरी व अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडून होते. तरीही निधी कोठे गेला यावरून प्राधान्यक्रम कळतो : अभ्यासिका, रुग्णवाहिका, समाजमंदिर, व्यायामाची साधने, की प्रवेशद्वारांच्या कमानी. उद्यानाच्या कोपऱ्यातली कोनशिला वाचण्याची सवय लावून घ्यावी. आमच्या विभागातील एका खुल्या व्यायामशाळेच्या पाटीवर नाव दोन फुटांचे, पण वर्ष आणि रक्कम रंगाखाली झाकलेली आहे. उजव्या कोपऱ्यात नखाने खरवडल्यावर निधीच्या रकान्यात महापालिकेचे नाव निघाले.

अधिकृत यादी हवी असल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. अर्ज ठाण्यात कोर्ट नाक्यावरील जिल्हाधिकारी कार्यालयाशी संबंधित जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि तो १५० शब्दांत मांडावा, म्हणून मोघम न लिहिता 'अमुक मतदारसंघातील आमदार स्थानिक विकास कार्यक्रमांतर्गत अमुक ते अमुक आर्थिक वर्षांत शिफारस झालेली, मंजूर झालेली व पूर्ण झालेली कामे, रक्कम व कार्यान्वयन यंत्रणेसह' एवढेच मागावे. आचारसंहिता लागण्याची वाट पाहू नये, कारण तेव्हा उत्तर हातात येईपर्यंत मतदान होऊन गेलेले असते.

शपथपत्राकडे लोक सर्वांत आधी धावतात, म्हणून ते मी मुद्दाम मागे ठेवले आहे. उमेदवारी अर्जासोबतचे नमुना २६ मधील शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि 'नो युवर कँडिडेट' या ॲपवर मिळते. २००४ पासूनच्या निवडणुकांची मांडणी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या 'मायनेता' संकेतस्थळावर आहे. ज्येष्ठ उमेदवाराची चार-पाच शपथपत्रे एकापुढे एक ठेवता येतात हा त्याचा खरा उपयोग. मालमत्तेचा एकूण आकडा वाढला म्हणून लगेच भुवया उंचावू नयेत. वाशी किंवा पाचपाखाडीतील वीस वर्षांपूर्वीचे घर आज किती पटींनी महागले हे आपल्यालाही ठाऊक आहे. स्थावर मालमत्तेच्या रकान्यांत खरेदीची तारीख, खरेदीवेळची किंमत आणि सध्याचा बाजारभाव वेगवेगळे द्यावे लागतात. मागच्या शपथपत्रानंतर नव्याने आलेली मालमत्ता, पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्न आणि उत्पन्नाचा स्रोत एकमेकांशी बसतात का, ते पाहावे. शासकीय थकबाकीचा रकाना विसरू नये.

गुन्ह्यांच्या रकान्यात संख्येपेक्षा कलम वाचावे. ठाणे जिल्ह्यातील जुन्या कार्यकर्त्यांवर रास्ता रोको, मोर्चे, जमावबंदी मोडल्याचे गुन्हे असतातच. महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमे ३७(३) व १३५ बहुधा अशाच आंदोलनांची खूण असते. फसवणूक, जमीन बळकावणे, मारहाण, महिलांविरुद्धचे गुन्हे यांचे वजन वेगळे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, उदाहरणार्थ जुन्या भारतीय दंड संहितेचे १८८ आता २२३ आहे. जुने व नवे शपथपत्र जुळवताना जुन्या-नव्या कलमांचा तक्ता जवळ ठेवावा.

एवढी तयारी झाली की उमेदवाराच्या पुढच्या पाच वर्षांच्या प्राधान्यक्रमाकडे वळावे. ज्येष्ठ उमेदवाराने दिलेले प्रत्येक वचन मागच्या वचनपत्राशी लावून पाहिले की काही मुद्दे शब्दशः परत आलेले दिसतात. परत येणे हा दोष असेलच असे नाही, कारण ठाणे जिल्ह्यातील काळू किंवा शाई या प्रस्तावित धरणांसारखा विषय एका टर्ममध्ये संपत नाही. परंतु दरम्यान भूसंपादन, पुनर्वसन, वनजमीन यांपैकी कोणता अडथळा हलला हे सांगता आले पाहिजे. जे मुद्दे यादीतून गुपचूप गळाले आहेत, त्यांच्याविषयी अधिक चौकशी करावी. आणि श्रेयाचा दावा असेल तर तो किती जणांनी केला आहे ते मोजावे : ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशी, ऐरोलीसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली, तेव्हा आमच्या चौकात एकाच आठवड्यात आभाराचे चार वेगवेगळे फलक लागले होते.

उमेदवाराला प्रत्यक्ष भेटण्याची संधी सोसायटीच्या सभेत मिळते. सभा आचारसंहितेपूर्वी ठेवावी, कारण नंतर परवानग्या आणि उमेदवाराच्या खर्चाचे हिशेब मध्ये येतात. मागच्या वेळी आमच्याकडे झालेल्या सभेत चाळीस मिनिटे पार्किंग आणि भटक्या कुत्र्यांवर गेली, आमदारांनी नम्रपणे 'आयुक्तांशी बोलतो' म्हटले आणि पेढे वाटून सभा संपली. प्रश्न असा विचारावा की त्याला अधिवेशन आणि तारखेशिवाय उत्तर देता येणार नाही : "साहेब, भाडेपट्ट्याच्या घरांच्या मालकीहक्काबाबत गेल्या पाच वर्षांत आपण कोणत्या अधिवेशनात, कोणत्या आयुधाने विषय मांडलात, मंत्र्यांनी काय उत्तर दिले आणि त्यावर आपण पुढे काय केलेत ?" विचारणाऱ्याने उत्तर आधीच फायलीतून वाचलेले असावे आणि स्वर आदराचा असावा. जुने आमदार अशा प्रश्नाने चिडत नाहीत. ज्यांनी काम केले आहे ते खुलतात आणि चहा थंड होईपर्यंत बोलत राहतात. उत्तर तेथल्या तेथे लिहून घ्यावे, त्यांना वाचून दाखवावे आणि तारीख टाकावी.

२०२४ मध्ये बेलापूरचा निकाल ३७७ मतांनी लागला. आमच्या सेक्टरमधील दोन-तीन सोसायट्यांत याहून अधिक मतदार आहेत, त्यामुळे 'आमच्या विचारण्याने काय होते' हे वाक्य त्यानंतर आमच्या कट्ट्यावर फारसे ऐकू आलेले नाही.

निकाल लागल्यावर फाईल लगेच माळ्यावर टाकू नये. प्रत्येक उमेदवाराला निकालापासून ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. विधानसभेसाठी महाराष्ट्रात मर्यादा ४० लाख रुपयांची आहे. नाममात्र शुल्क भरून तो हिशेब नागरिकाला पाहता येतो. त्यात पत्रके-पुस्तिकांच्या छपाईचा खर्च असतो. टपालपेटीत आलेली गुळगुळीत पुस्तिका प्रचारकाळात वाटली गेली असेल, तर तिच्यावरील मुद्रकाचे नाव आणि प्रतींची संख्या घेऊन जावे आणि ती ओळ शोधावी.